आईच्या नावाचं रसायन

४ सप्टेंबर, बुधवार

आमच्या प्रयोगशाळेतला म्हातारा आज सकाळी गेला. म्हातारा म्हणजे माणूस नव्हे. जुना कॉम्प्युटर आणि त्याच्या पोटातला आलेख काढायचा प्रोग्रॅम, दोघं मिळून म्हातारा. पण काचाले सरांचा चेहरा बघून बाहेरच्याला वाटलं असतं की घरातलंच कुणी गेलंय. त्याच्या डोक्यावर हात ठेवून ते कितीतरी वेळ उभे होते. माझ्याबरोबर पीएचडी करणाऱ्या वोंगानीने हळूच विचारलं, "सर, शोकसभा किती वाजता?" मी त्याला कोपर मारलं आणि मग मलाच हसू फुटलं.

हसून झालं आणि मग आठवलं की म्हाताऱ्याशिवाय आमचं काम अडलं. आम्ही जंगलातली मुळं आणतो, कुटतो, द्रावकात भिजवतो, गाळतो, सुकवतो, आणि शेवटी जे चिमूटभर उरतं ते दक्षिण आफ्रिकेला पाठवतो. पदार्थाची रचना ओळखायच्या एनएमआर यंत्राचा तो राक्षसी लोहचुंबक तिकडे आहे. आमच्या सालिमात लोहचुंबक फक्त फ्रीजच्या दारात. तिकडचे लोक मोजणी करून फाइल पाठवतात. कच्ची फाइल उघडली तर नुसती थरथर दिसते, ताप भरलेल्या माणसाच्या हातासारखी. ती प्रोग्रॅममध्ये घातली की शिखरांची रांग होते, आणि रांग बघून कळतं की हा पदार्थ कोण, कुणाचा. प्रोग्रॅम नाही तर आम्ही सगळे आंधळे.

आणि माझं सेमिनार २५ ऑक्टोबरला! पीएचडीचं शेवटचं. त्यात मी माझा नवीन पदार्थ जाहीर करणार. जगात कुणाला न सापडलेला, मला सापडलेला.

सरांनी दुपारी बोलावलं. "तियामिके, वोंगानी, तुम्ही दोघं बघा. नवीन प्रोग्रॅम कोणता घ्यायचा ते ठरवून रिपोर्ट द्या. विभागाचा सगळा जुना माल पुढे त्याच प्रोग्रॅममध्ये जाणार आहे, तेव्हा विचार करून." मग जरा थांबून म्हणाले, "म्हाताऱ्याची नवी आवृत्ती मिळते म्हणे अजून."

रिपोर्ट मी लिहिणार हे उघड आहे. वोंगानीचं अक्षर कोंबडीचं आहे.

६ सप्टेंबर, शुक्रवार

तीन उमेदवार ठरले. नावं मी ठेवली.

पहिला म्हातारा, नव्या कॉम्प्युटरवर चालणारा. सरांचा लाडका. दुसरा नवरदेव: चकचकीत, महागडा, बटणाबटणाला रंग. सध्या आजमावायला मिळालाय, म्हणून प्रत्येक आलेखावर स्वतःचं नाव तिरकं छापतो. तिसरा फुकट्या. कॉलेजचा ईमेल दिला की मिळतो. दिसायला अगदीच गरीब, पांढरी खिडकी, काळी रेघ. वोंगानीचा जीव त्याच्यावर.

"तुझ्यासारखाच आहे," मी म्हटलं.

"म्हणजे विश्वासू?"

"म्हणजे इस्त्री नसलेला."

हा माणूस म्झुझूचा. उत्तरेकडच्या लोकांना वाटतं शिक्षण त्यांच्याकडे आधी पोचलं आणि उरलेलं आम्हाला मिळालं. कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय गिळत नाही, रोजच्या जेवणातली मक्याची न्सिमासुद्धा.

परीक्षा अशी ठरली: एकच फाइल तिन्ही प्रोग्रॅममध्ये घालायची आणि आलेख शेजारी शेजारी लावायचे. कोणती फाइल? अर्थात माझी. लोनियीन.

इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं की ते मला चढेल म्हणतात. आमच्या धंद्यात ज्याला नवीन पदार्थ सापडतो तो त्याचं नाव ठेवतो. कुणी गावाचं ठेवतं, कुणी झाडाचं. मी आईचं ठेवलंय. आई लोनिया, पदार्थ लोनियीन. वडील गेल्यावर तिने तळ्याकाठी सुकी मासळी विकून मला शिकवलं. हातांचा वास जाईना म्हणून माझ्या शाळेत यायला लाजायची. आता तिचं नाव जगभरच्या पुस्तकांत जाईल. लिहितानाही माझे डोळे भरून येताहेत. येऊ देत.

११ सप्टेंबर, बुधवार

नवरदेव लावून पाहिला. काय रूप आहे! माझी शिखरं निळी केली, मग जांभळी केली, मग दोन्ही. डावीकडे ती दोन छोटी टोकं, जुळ्या बहिणींसारखी शेजारी. म्हाताऱ्यात ती कधी एवढी सुटी दिसलीच नव्हती, एक जाडसर टेकडी दिसायची.

पण कार्ट्याला एक खोड आहे. कोपऱ्यात "ओळख पटवा" असं बटण आहे. दाबलं, तर म्हणतो की हा पदार्थ प्लास्टिक मऊ करायला घालतात त्यासारखा दिसतो. प्लास्टिक! आमच्या टेकडीवरचं मूळ, जे खणताना मला मुंग्या चावल्या, ते प्लास्टिक! यांच्या संग्रहात सगळे युरोपातल्या कारखान्यांचे पदार्थ. आफ्रिकेतली मुळं त्यांनी कुठे पाहिलीत?

वोंगानी खुर्ची ओढून स्क्रीनजवळ गेला आणि त्याने त्या दोन टोकांवर बोट ठेवलं.

"काय झालं?"

"काही नाही. नळी कुठली वापरतेस तू?"

"कसली नळी?"

"द्रावक काढायची."

"व्हरांड्यातली, हिरवी. सगळे वापरतात ती. का?"

"सहज."

नवरदेवाबद्दल लिहिलं: देखणा पण आगाऊ, न विचारता मत देतो. शिफारस नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

चिपोकाला आईकडे गेले. चर्च सुटल्यावर महिला मंडळाच्या बायकांनी मला असं घेरलं की जणू लग्न ठरलंय. पांढरे ब्लाउज, लाल रुमाल, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच: "लोनियाच्या नावाचं औषध निघालं!"

"अहो, औषध नाही अजून, पदार्थ आहे," मी म्हटलं.

"तेच ते," मंडळाच्या अध्यक्षीण बाई म्हणाल्या. "गुडघ्यावर चालेल का?"

आईने पास्टरांना सांगितलंय. पास्टरांनी प्रार्थनेत नाव घेतलंय. मासळी बाजारातल्या एका बाईशी आईचं कित्येक वर्षांचं वाकडं होतं, तीसुद्धा म्हणे येऊन हात मिळवून गेली. आता सगळ्या गणवेशात सेमिनारला येणार आहेत, मिनीबस ठरलीये.

"आई, तिथे काही कळणार नाही गं त्यांना. नुसत्या रेघा असतात."

"माझ्या नावाची रेघ मला दाखव म्हणजे झालं. बाकीच्या रेघा तुझ्या सरांना."

सरांचीही एक रेघ आहे. विभागाच्या व्हरांड्यात चौकटीत लावलीये: एस्नाटीन. एस्नाट म्हणजे त्यांची बायको, गेली बिचारी, मी यायच्या आधीच. मुळं इथेच गाळली, मोजणी जर्मनीत केली, आणि आलेख म्हाताऱ्याने काढला. रोज सकाळी सर कुलूप उघडायच्या आधी बाहीने ती काच पुसतात. माझीही चौकट तिच्या शेजारी लागेल. खिळ्याची जागासुद्धा मी बघून ठेवलीये.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज वोंगानीशी कडाक्याचं भांडण झालं. आधी काय घडलं ते लिहिते, मग शिव्या.

याने मागच्या खेपेला, मला न विचारता, एक रिकामी कुपी दक्षिण आफ्रिकेला पाठवली होती. रिकामी म्हणजे मूळ नाही, पान नाही, काही नाही. नुसतं व्हरांड्यातल्या पिंपातलं द्रावक त्या हिरव्या नळीने घेतलं, उडून जाऊ दिलं आणि तळाला जे काही राहिलं असेल ते पाठवलं. पुस्तकात लिहिलंय खरं की असं पाठवावं. पण तिकडे नंबर लागायला महिने जातात, रिकामं कोण पाठवतं? आमच्याकडे कुणीच पाठवत नाही.

तर त्या रिकामीची फाइल आली. फुकट्यात एक सोय आहे, दोन आलेख एकावर एक ठेवता येतात. अगदी सोपं, ओढायचं आणि सोडायचं. त्याने खाली माझं लोनियीन ठेवलं आणि वर रिकामी. आणि एकच रेघ दिसली. जुळ्या बहिणींसकट.

"बघ," तो म्हणाला.

"काय बघू? तुझ्या फुकट्याने फाइली एकात एक केल्या!"

"नाही केल्या, तिया. नावं वाच."

"मग तू कुप्या अदलाबदल केल्यास!"

"रिकामी मी केली तेव्हा तुझी कुपी गेलेलीही होती."

"तुला बघवत नाही ना? सरळ सांग की! तुझ्या मुळांतून काही निघालं नाही म्हणून माझ्यावर राग काढतोस!"

तो हळूच म्हणाला, "ते पिंप व्हरांड्यात उन्हात असतं. प्लास्टिकचं. नळी मऊ प्लास्टिकची. द्रावक त्यातलं काहीतरी ओढून घेतं असं मला वाटतं. मी फक्त वाटतं म्हणतोय."

ते पिंप आणि ती नळी काचाले सरांनी स्वतः लावलीये, मी पहिल्या वर्षाला यायच्या कितीतरी आधी. सरांना कळत नाही आणि म्झुझूच्या या शहाण्याला कळतं! तेवढ्यात वीज गेली. अंधारात आणि उकाड्यात आम्ही दोघं फुगून बसलो. तो उठून गेला असता तर बरं झालं असतं, पण वीज येईपर्यंत तिथेच बसून राहिला आणि माझ्याकडे तोंड करून वहीने वारा घालत होता. चिडल्यावर उकाडा जास्त होत असेल त्याला.

फुकट्याबद्दल लिहिलं: विश्वासार्ह नाही. फाइलींची सरमिसळ करतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

ठरलं. म्हातारा. नवी आवृत्ती चढवली आणि लोनियीन घातलं. कसं शांत वाटलं! तो आधी सगळं हलक्या हाताने गुळगुळीत करतो. शिखरांच्या गोल टेकड्या होतात, जुळ्यांची एक गुटगुटीत बहीण होते. एकावर एक आलेख ठेवायची सोयच नाही, म्हणजे गोंधळही नाही.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "छान. छान निवड." पण खूश दिसले नाहीत. वय झालं.

२८ सप्टेंबर, शनिवार

वोंगानी बोलत नाही. पण रोज सकाळी माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेली गरम मंदासी असतात, तळलेले गोड वडे. मला माहीत आहे कशासाठी ते. रिपोर्टवर त्याचीही सही लागते, माझं मत वळवायचं आहे त्याला. मी मंदासी खाते आणि मत वळवत नाही.

आज त्याच्या शर्टाला इस्त्री होती. कुणाकडे तरी जायचं असेल.

३ ऑक्टोबर, गुरुवार

डोक्यातून जात नाही. रिकामी कुपी आणि माझी कुपी सारखी कशी दिसेल? फुकट्या खोटारडा आहे हे मी मानलंय. मग झोप का येत नाही?

म्हणून ठरवलं, त्याला खोटं पाडायचं, आणि माझ्याच हातांनी. कपाटात मागे सीलबंद काचेची एक बाटली होती द्रावकाची, परदेशी पाहुणे ठेवून गेलेले. तिच्यातलं काचेच्या भांड्यात घेतलं, उडू दिलं: पहिली कुपी. मग व्हरांड्यातल्या पिंपातून हिरव्या नळीने काढलं, तसंच उडू दिलं: दुसरी कुपी. दोन्हींवर माझं अक्षर, माझी सही. वोंगानीला जवळ फिरकू दिलं नाही.

विभागात आलेले बाहेरचे परीक्षक उद्या दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गला परत जाताहेत. दोन्ही कुप्या मोजायला घेऊन जा म्हणून त्यांच्या हातापाया पडले. म्हणाले, माझ्या ओळखीने रांगेत मध्ये घुसवतो.

हिरव्या नळीला हात लावला तर ती चिकट लागली. ऊन फार आहे यंदा.

१४ ऑक्टोबर, सोमवार

फाइली आल्या.

तिन्ही प्रोग्रॅममध्ये उघडल्या. काचेची बाटली: सपाट. दुपारच्या तळ्यासारखी सपाट. हिरवी नळी: लोनियीन. फुकट्यात लोनियीन, नवरदेवात लोनियीन, वर "प्लास्टिक मऊ करायला घालतात त्यासारखा" हेही. म्हाताऱ्यातसुद्धा, ते गुळगुळीत करायचं बटण बंद केलं तर, जुळ्या बहिणी माझ्याकडे बघत उभ्या.

तिघेही पहिल्यापासून एकच सांगत होते. मी एकेकाला नालायक ठरवत गेले, आणि ज्याचं ऐकू येत नव्हतं त्याला निवडलं.

संडासात जाऊन रडले. बाहेर आले तर वोंगानी दारात. मला वाटलं आता म्हणेल, सांगितलं होतं ना. तो म्हणाला, "जेवलीस का?"

"माझं मूळ कुठे गेलं रे?" मी म्हटलं. "मुंग्या चावल्या होत्या मला. ते खरं होतं ना?"

"मूळ खरं आहे. त्यातलं काही आपण अजून पाहिलंच नाही."

लोनियीन गेलं म्हणजे प्रबंधाचं शेवटचं प्रकरण गेलं, म्हणजे आणखी एक वर्ष तरी. त्याचं मला तेवढं काही नाही. उद्या पंधरा ऑक्टोबर, मातृदिनाची सुट्टी. उद्या मला आईकडे जायचंय.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

अंगणात मंडळ जमलेलं. गाणी, नाच, मोठ्या भांड्यात मक्याचं गोड पेय, थोब्वा. आईने नवं चितेंजे नेसलेलं, मासे छापलेलं. सेमिनारसाठी आणलंय आणि आज फक्त सर्वांना दाखवायला काढलंय म्हणे.

चुलीपाशी एकटी सापडली तेव्हा सांगून टाकलं. ती चाम्बो तळत होती.

"म्हणजे ते नाहीच?" तिने विचारलं.

"आहे. पण माझ्या मुळातलं नाही. प्लास्टिकच्या नळीतलं आहे. जगात सगळ्यांना माहीत असलेलं. साधं."

तिने मासा उलटला. मग दुसरा उलटला. मला वाटलं जवळ घेईल. कुठलं काय!

"किती जणींना सांगितलंय मी, ठाऊक आहे तुला?" ती एकदम कडाडली. "पास्टरांना! बाजारात! त्या सटवीने हात मिळवला माझ्याशी! आता मी काय तोंड दाखवू?"

"मी सांगते ना आत्ता बाहेर जाऊन."

"आज नाही. आज त्या नाचताहेत. नाचणाऱ्या बायकांना नाही थांबवायचं. मिनीबस ठरलीये ना? मग येणार आम्ही. ज्या ठिकाणी माझं नाव लावायला बोलावलंस, तिथेच उभी राहून उतरव. मी पुढच्या रांगेत बसून बघेन."

मासे घेऊन बाहेर गेली आणि सर्वांत जोरात नाचली. मला एक घास गिळवला नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सरांना सगळं सांगितलं, आलेख दाखवले. काच सपाट, नळी भरलेली. चहा निवला, वर साय आली, तरी कपाला हात नाही. मला इतकं भरून आलं, माझ्या दुःखाने हा माणूस एवढा खचावा!

"म्हणजे रिपोर्टात म्हातारा नाही लिहिणार तू आता?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. फुकट्या. एकावर एक ठेवता येतं त्याच्यात."

"जुन्या फाइली उघडतात त्याच्यात? खूप जुन्या?"

"हो सर, कितीही जुन्या. ती चिंता नको."

"हं," सर म्हणाले. "चांगलं आहे." आणि खिडकीतून पिंपाकडे बघत बसले.

वोंगानीला म्हटलं, "सर किती प्रेमळ आहेत रे, जुन्या फाइलींचीसुद्धा काळजी करताहेत." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले असेन.

"काय?"

"काही नाही. मला नको विचारूस. ते त्यांचं त्यांना ठरवू दे."

काय ठरवू दे? उत्तरेकडचे लोक एक वाक्य सरळ पूर्ण करतील तर शपथ.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

रिपोर्ट नव्याने लिहिला. एकच शिफारस: फुकट्या. माझी सही केली, वोंगानीने कोंबडीच्या अक्षरात केली. सरांच्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी बघितला तर तसाच, सही नाही.

सरांनी आज काच पुसली नाही. कुलूप उघडून सरळ आत गेले. तब्येत बरी नसावी.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहायलाच हवं, हात दुखला तरी.

हॉल भरलेला. पुढची अख्खी रांग लाल रुमालांची. मध्यभागी आई, मासे छापलेलं चितेंजे, मान ताठ, माझ्याशी एक शब्द नाही. मागे वोंगानी, वीज गेली तर बॅटरी हवी म्हणून कुठूनतरी सायकलवरून आणलेली मोठी बॅटरी पायांत धरून.

मी फुकट्या उघडला. आधी लोनियीन दाखवलं. अध्यक्षीण बाईंनी जोरात आरोळी ठोकली आणि बाकीच्या सुरू होणार एवढ्यात मी हात वर केला. "थांबा हो. आता दुसरा आलेख बघा." हिरवी नळी ओढली आणि वर सोडली. एकच रेघ.

मी सांगितलं. सगळं सांगितलं: मूळ नाही, औषध नाही, प्लास्टिक आहे, आणि हे मला महिन्याभरापूर्वी दाखवलं होतं, पण मी प्रोग्रॅमला खोटं ठरवत राहिले. आईचं नाव मी परत घेतेय. मागून दोन पोरं फिदीफिदी हसली. लाल रुमालांमध्ये कुजबुज सुरू झाली. आई पुतळ्यासारखी. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं.

तेव्हा काचाले सर उठले. मला वाटलं, सेमिनार संपलं म्हणायला उठले. ते सरळ माझ्याजवळ आले आणि खिशातून एक पेनड्राइव्ह काढला.

"पिंप मी लावलं," ते हॉलला म्हणाले. "नळी मी आणली. हिने जे वापरलं ते मी तिच्या आधी वापरलं, आणि रिकामी कुपी मीही कधी पाठवली नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यात माझी जुनी फाइल आहे. ती पण वर ठेव."

फाइलीचं नाव वाचलं आणि तेव्हा कुठे माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला. एस्नाट. चहाचा कप, खिडकी, न पुसलेली काच! माउसवरचा हात मी काढून घेतला.

"सर, नको. हे आपण नंतर बघू."

"आज तू उभी राहिलीस म्हणून मला जमतंय," ते हळूच म्हणाले. "उद्या नाही जमणार. ठेव, पोरी."

मी ओढलं आणि सोडलं. आजवर कुणी ती फाइल गुळगुळीत न करता पाहिली नव्हती. जुळ्या बहिणी जुळ्या बहिणींवर बसल्या. सगळी शिखरं बसली. तीन आलेख, एक रेघ.

हसणारी पोरं गप्प झाली. सरांनी चष्मा काढला आणि तो तसाच हातात धरून उभे राहिले.

आई उठली. गणवेशातल्या सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. ती पडद्याजवळ गेली, अगदी नाक लावून पाहिलं, आणि मग बाजारातल्या आवाजात म्हणाली, "यात माझी कोणती आणि तुमच्या बाईसाहेबांची कोणती?"

"एकच आहे, आमायी," सर कसेबसे म्हणाले. "दोन्ही एकावर एक आहेत."

"म्हणजे मी मासळीवाली आणि प्रोफेसरांच्या बाईसाहेब, दोघी एकाच पिंपातून निघालो?" आई म्हणाली. "अगं बाई! मग मी कशाला लाजतेय एवढी?"

आधी अध्यक्षीण बाई हसल्या. मग लाल रुमालांची रांगच्या रांग हसली, आणि मग सर. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, खांदे हलत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "एस्नाटला हे आवडलं असतं," ते म्हणत होते. "तिला फार आवडलं असतं हे."

मग त्यांनी पेन मागितलं आणि व्यासपीठावरच रिपोर्टवर सही केली.

चहाची वेळ झाली. माणसं बाहेर निघाली. वोंगानी बॅटरी उचलून दारात माझ्यासाठी थांबला होता, म्हणाला, "मंदासी आहेत. आज कुठल्याही मतासाठी नाहीत," आणि मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. मी प्रोजेक्टर बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे थोडा वेळ," सर म्हणाले. ते पुढच्या रांगेत बसले होते, पडद्याकडे तोंड करून.

मी तसाच चालू ठेवला. आई बायकांना म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच," आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.